मागल्या दारानं शाळा बघणारे डिपोटी

आमचे घरमालक दर शनिवारी सकाळी माझ्या खोलीची तपासणी घ्यायचे. भाडेकरूची खोली कुणी तपासतं का हो? पण हे तपासायचे. दारात उभे राहून आधी घसा खाकरायचे, मग आत येऊन खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवायचे, पलंगाखाली वाकून बघायचे आणि जाता जाता शेरा द्यायचे, "टापटीप ठीक. पलंगाखाली लक्ष द्यावे." बोलणंसुद्धा लेखी मराठीत! पहिल्याच शनिवारी मी अशी भडकले की सामान बांधून पालघरला आईकडे निघालेच. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला दारात अडवलं. "अगं, तीस-पस्तीस वर्षं माझ्या आमटीवर शेरे ऐकतेय मी. तू एका शनिवारात दमलीस?"

मग राहिले. तीन वर्षं राहिले, आणि आज वाटतं, बरं झालं बाई राहिले.

ते निवृत्त शाळा तपासनीस होते. आमच्या भागात जुनी माणसं शाळा तपासणाऱ्या साहेबाला डिपोटी म्हणत. नोकरी संपली तरी बोईसरच्या बाजारापासून चिंचणी-तारापूरपर्यंत ते सगळ्यांचे डिपोटीच राहिले. मी तोंडावर काका म्हणायची आणि मनात डिपोटी. ते मला नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. "अहो टंकलेखक," म्हणायचे. कारण मी तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावर एका कंत्राटदाराच्या कचेरीत टायपिस्ट होते. साठ सालानंतरचे ते दिवस! काय धांदल होती म्हणून सांगू! काल जिथं गवत कापत होते तिथं आज क्रेन उभी. बोईसर स्टेशनावर हिंदी, पंजाबी, अमेरिकन इंग्रजी, सगळं एकाच वेळी कानावर पडायचं. मी एकवीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर राहणारी. आख्खं जग आपल्यासाठीच बोईसरला उतरतंय असं मला वाटायचं.

डिपोटींची सगळी विद्या एका वाक्यात होती, "शाळा पुढून बघू नये, मागून बघावी." साहेब येणार म्हटलं की शाळा पुढच्या बाजूनं सजते, सडा-रांगोळी होते, मुलांच्या डोक्यांना तेल लागतं. म्हणून हे कधी पुढून गेलेच नाहीत. धोतर खोचून, कॅनव्हासचे बूट गळ्यात अडकवून खाडीच्या चिखलातून जायचे. वैतरणेच्या बाजूला तर एकदा कमरेइतक्या पाण्यातून शाळेच्या मागच्या कुंपणाशी निघाले. गुरुजी बिचारे पुढच्या रस्त्यावर हार घेऊन उभे!

त्यांची एडवणच्या बाजूची गोष्ट काकू मला अंगणात धान्य निवडता निवडता सांगायच्या, आणि दर वेळी आम्ही दोघी पोट धरून हसायचो. ते असेच समुद्राच्या बाजूनं चालले होते. वाळूवर कोळणी बोंबील सुकवत होत्या आणि त्यांच्याबरोबर वीसेक पोरं.

"काय गं, आज शाळा नाही?" यांनी विचारलं.

"शाला हाय की," एक कोळीण म्हणाली. "पन आज डिपोटी यायचाय ना. मास्तरनी श्येजारच्या गावची हुशार पोरं आनून बसवलीत. आमची पोरं म्हनं मागं पडतात. तुमी कुटले?"

"मीच डिपोटी."

बाई बोंबलांच्या काठीसकट मट्कन खाली बसली. पण हे रागावले नाहीत. तिथंच वाळूत बैठक मारली आणि त्या पोरांची तपासणी घेतली. किती टोपल्या, टोपलीत किती बोंबील, पाव हिस्सा वाळला तर उरले किती? पोरं फटाफट उत्तरं देत होती. मग शाळेत गेले आणि शेरेबुकात लिहिलं, "मुले उत्तम. शाळा गैरहजर." तो शेरा अजून त्या बाजूला सांगतात.

आणखी एक खोड. कुठल्याही वर्गात गेले की शेवटच्या बाकावरच्या मुलाला एकच प्रश्न, "आज काय समजलं नाही?" काय समजलं असं नाही, काय समजलं नाही. जेवताना मलासुद्धा विचारायचे. मी म्हणायची, "तुम्ही मला असं का छळता, तेवढं समजलं नाही." ते गंभीरपणे मान हलवायचे. "प्रश्न योग्य."

तर आता मडमची, म्हणजे एका गोऱ्या बाईची, गोष्ट.

प्रकल्पावर परदेशी म्हणजे बहुतेक अमेरिकन. त्यांच्या बायका पोस्टानं पुस्तकं मागवून मुलांना घरीच शिकवायच्या. पण एक इंग्रज कुटुंब होतं. साहेब आमच्याच कचेरीत, पंपांच्या कामावरचे इंजिनिअर, उंच, कमी बोलणारे. मडम हसरी, उन्हानं लाल झालेली. आणि एकुलती एक मुलगी, जेनी, आठ वर्षांची, गुडघे कायम फुटलेले. साहेबांच्या आईनं विलायतेत नातीसाठी मोठ्या निवासी शाळेत जागा धरून ठेवली होती. ऑगस्टमधल्या बोटीचं तिकीटही आलं होतं. एकदा बोटीत बसली की दोन वर्षं मुलगी दिसणार नाही. साहेबांनी बायकोला एवढीच सवलत दिली होती, "जुलै संपेपर्यंत इथं खरोखरीची इंग्रजी शाळा शोध, जिथून ती अकराव्या वर्षी तिकडची परीक्षा देईल. सापडली तर राहील. नाही तर बोट."

मडम माझ्याकडून शाळांना पत्रं टाइप करून घ्यायची. उत्तरं यायची गुळगुळीत माहितीपत्रकं घेऊन. एक दिवस तिनं ती सगळी माझ्या टेबलावर पसरली आणि एकदम रडायलाच लागली. "सगळ्यांत सारखंच लिहिलंय," ती म्हणाली. "घोडे, पियानो, हवा. कुणाला विश्वासानं मुलगी द्यायची, कसं कळणार?"

मला कुणाचं रडणं बघवत नाही, आणि बघवलं नाही की मी पुढचा-मागचा विचार करत नाही. म्हटलं, "आमच्या घरमालकांना विचारू या!"

संध्याकाळी मडम आणि जेनी आमच्या ओटीवर. डिपोटींनी चष्मा चढवून ती माहितीपत्रकं अशी चाळली, जशी ठाणे जिल्ह्यातल्या शाळांची जुनी हजेरीपत्रकं चाळत असतील. मग म्हणाले, "यांना सांगा, प्रत्येक फोटोत प्रत्येक मूल हसतंय. इतकी मुलं एकदम हसत नाहीत. ही शाळा फोटोग्राफर चालवतो." मी भाषांतर केलं. इंग्रजी ते वाचायचे, पण बोलायचे मराठीच. रडवेली मडम खो खो हसली. मग त्यांनी विचारलं, "गाडी आहे का? आपण मागून जाऊ."

आणि आम्ही निघालो! साहेबांची स्टेशन वॅगन, पुढं ड्रायव्हरशेजारी बंद गळ्याच्या कोटातले डिपोटी, मागं मडम, जेनी आणि मी. कचेरीतून रजा मागितली तेव्हा हेडक्लार्क म्हणाला, "कसली रजा?" मी म्हटलं, "शाळा तपासायला जातेय." मनोरवरून मुंबईकडं जाताना मी इतकी खुशीत होते की जेनीबरोबर रस्त्यावरचे बैल मोजत होते.

पहिली शाळा मुंबईत, समुद्राकाठी. तिचं माहितीपत्रक सगळ्यांत जाड. नाव घेत नाही. मोठ्या फाटकावर दोन भालदार-चोपदारांसारखे पहारेकरी. डिपोटींनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. बाजूच्या गल्लीतून, धोब्याच्या दोऱ्यांखालून वाकत, डबकी टाळत त्यांनी आम्हाला मागल्या दाराशी नेलं. मडम उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालली होती. जेनीला तर हा खेळच वाटत होता.

आत गेलो तो एका खोलीत वसतिगृहातली मुलं ओळीनं बसून घरी पत्रं लिहीत होती. किती गोड, असं मला वाटलं. मडमलाही वाटलं. डिपोटी मात्र मुलांकडं बघतच नव्हते, फळ्याकडं बघत होते. फळ्यावर आख्खं पत्र लिहिलेलं! प्रिय आई-बाबा, मी मजेत आहे, हवा छान आहे, जेवण चांगलं असतं. मुलं ते उतरवून घेत होती. मडमचा चेहरा असा उतरला की मला भाषांतर करायची वेळच आली नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापिका धावत आल्या. आम्हाला कोण समजल्या देव जाणे, पण डिपोटींचा आवाज ऐकून त्यांनी वर्ग दाखवला. डिपोटी शेवटच्या बाकापाशी. "आज काय समजलं नाही?" मी इंग्रजीत विचारलं. मुलीनं आधी बाईंकडं पाहिलं. "सगळं समजलं, सर, थँक यू." पुढच्या मुलालाही सगळं समजलं. त्याच्या पुढच्यालाही.

"सगळ्यांना सगळं समजलंय," डिपोटी मला म्हणाले. "मग शाळा सोडून द्यायला हरकत नाही."

आणि मग त्यांनी हात पुढं केला. "शेरेबुक."

अहो, विलायती शाळेत कुठलं शेरेबुक! मी ओशाळून काहीतरी सांगितलं. बाईंनी पाहुण्यांच्या सह्यांची चामडी वही आणून दिली. डिपोटींनी तीत मराठीत लिहिलं, "इमारत उत्तम. पत्रे फळ्याची. मुलांची आढळली नाहीत." खाली सही. बाईंनी मोठ्या उत्सुकतेनं मला विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, "इमारत उत्तम." बाई खूश. जन्मात इतकं अर्धवट भाषांतर मी कधी केलं नाही.

दुसऱ्या शाळेचं माहितीपत्रकच नव्हतं. एक सायक्लोस्टाइल केलेला कागद, तोही अर्धा पुसट. मुंबईच्या अलीकडं एका उपनगरात जुना बंगला होता. दोन म्हाताऱ्या इंग्रज बहिणी तिथं पन्नासेक मुलांना विलायतेच्याच पुस्तकांवरून, तिकडच्या त्या परीक्षेसाठी शिकवत होत्या. आम्ही मागून शिरलो तर थोरली बहीण स्टुलावर उभी राहून गळका पन्हळ बांधत होती आणि चार मुली स्टूल धरून उभ्या होत्या. आम्हाला बघून ती म्हणाली, "कोण असाल ते असा, ती तार द्या जरा." डिपोटींनी निमूट तार दिली. जेनीनं पाचवी होऊन स्टूल धरलं.

वर्गात शेवटच्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी. "आज काय समजलं नाही?" ती लगेच म्हणाली, "अपूर्णांकांचा भागाकार. उलटा करून गुणतात, पण का ते कुणी सांगत नाही." तिच्या मागोमाग तीन हात वर! धाकटी बहीण रागावली नाही. "अरेच्चा," म्हणाली, वहीत चौघांची नावं लिहिली आणि खडू घेऊन पुन्हा फळ्याकडं वळली. डिपोटी इतके खूश झाले की तिथंच बाकावर बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. शेरेबुक मागितलं तेव्हा थोरली बहीण हात पुसत म्हणाली, "नाही हो. इतकी वर्षं झाली, आम्हाला तपासायला कुणी आलंच नाही."

तपासणी न झालेली शाळा! डिपोटींना हे इतकं लागलं की गाडीत बसेपर्यंत ते मागं वळून वळून त्या बंगल्याकडं बघत होते. पण खरी गंमत पुढं. ही शाळा सोमवार ते शुक्रवार मुलं ठेवून घ्यायची आणि शनिवार-रविवार घरी पाठवायची. म्हणजे जेनी दर शुक्रवारी बोईसरला! मडमनं मला गाडीत घट्ट धरलं. मी तर टाळ्याच पिटल्या. जेनीला स्टुलापासून ओढून आणावं लागलं.

आणि साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यावर पाणी टाकलं. कचेरीत माझ्यासमोरच ते बायकोला म्हणाले, "ना माहितीपत्रक, ना तपासणीचा अहवाल. तपासणीच्या कागदाशिवाय मी साधा व्हॉल्व्हसुद्धा उतरवून घेत नाही. ही तर मुलगी आहे. अहवाल दाखव, नाही तर बोट." जुलैचे नऊ दिवस उरले होते.

मी धावत घरी. "काका, अहवाल लिहा!"

"मी निवृत्त आहे. अधिकार नाही."

"कसला अधिकार! इतक्या शाळा पाहिल्यात ना तुम्ही?"

"अधिकाराशिवाय अहवाल म्हणजे लबाडी."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना माझा तोल सुटला. "तुम्ही आयुष्यभर मागल्या दारानं शिरलात ना, मग आता पुढच्या दाराचा एवढा बाऊ कशाला? ती पोर बोटीत बसली की द्या शेरा, अधिकार नव्हता म्हणून!" काकूंचा हात वाढता वाढता थांबला. घरमालकाशी असं बोलतात का? पण डिपोटी उठले, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं एकटेच त्या शाळेत पुन्हा जाऊन आले. रविवारी सकाळी माझ्या टाइपरायटरशेजारी अकरा पानं ठेवली. वर पहिली ओळ, "लिहिणारा निवृत्त आहे. त्यास कोणताही अधिकार नाही." खाली खरी सरकारी पद्धतीची तपासणी. न्हाणीघराला कडी नाही. नकाशे जुने. गणित कच्चे, पण प्रामाणिक. धाकट्या बाईंना खोकला आहे, औषध घेत नाहीत. जेवणात भाजी कमी. दोषांची नऊ पानं! मी इंग्रजीत उतरवून टाइप करता करता कपाळाला हात लावला. शेवटी एक ओळ, "मूल दाखल करण्यास योग्य."

संध्याकाळी साहेब स्वतः आले. ओटीवर डिपोटींसमोर बसून त्यांनी अकराच्या अकरा पानं वाचली. मडम जेनीचा हात धरून बाकड्यावर. काकू आत पाहुण्यांसाठी भजी तळत होत्या.

"नऊ पानं दोष आहेत," साहेब म्हणाले. "आणि शेवटी म्हणता, दाखल करा?"

"दोष दिसले, म्हणून. ज्या शाळेत ते दिसू देतात, तिथं ते दुरुस्त होतात."

साहेबांनी मान हलवली. हे त्यांच्या कामातलं बोलणं होतं, त्यांना ते पटलं. तरी कागद खाली ठेवत ते म्हणाले, "अहवाल चोख आहे. पण तिकडची शाळा याहून चांगली आहे, हे तुम्हीही मान्य कराल. मलाही सातव्या वर्षी पाठवलं होतं. माझं काही बिघडलं नाही. मुलीला सर्वांत चांगली शाळा मिळत असताना दुसरी का द्यावी?"

मी भाषांतर केलं. डिपोटींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मला वाटलं, संपलं.

"मला एक मुलगी आहे," ते म्हणाले. मला माहीत होतं, नागपूरला दिलेली, एकदा पाहिलीही होती. "जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा मी पाहिल्या होत्या, एकही तिच्या योग्यतेची वाटली नाही. म्हणून नवव्या वर्षी पुण्याला वसतिगृहात ठेवली. सर्वांत चांगलं होतं ते. पहिल्या दिवाळीला घरी आली. आम्हाला वाकून नमस्कार केला. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, 'मी पाणी पिऊ का?'"

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"स्वतःच्या घरात," डिपोटी म्हणाले. "आता दोन मुलांची आई आहे. माहेरी येते तेव्हा अजून विचारते."

साहेबांनी एकदा जेनीकडं पाहिलं आणि एकदा स्वतःच्या हातांकडं. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. परक्या पुरुषासमोर त्या कधी बोलायच्या नाहीत, त्या दिवशी झारा हातात घेऊन थेट उंबऱ्यात आल्या. "पोरी, त्यांना हेपण सांग. मी तेव्हा नको म्हणाले होते. तीन दिवस जेवले नव्हते मी."

मी डिपोटींकडं न बघता सांगितलं. मग डिपोटींचा आवाज आला, आणि त्या आवाजात पहिल्यांदाच कागदावरचं मराठी नव्हतं.

"चुकलं माझं," ते काकूंना म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "हेही सांग."

तेही सांगितलं. साहेब उठले. त्यांनी ती अकरा पानं नीट घडी करून खिशात घातली आणि बायकोला म्हणाले, "उद्या बोटीचं तिकीट परत करतो. आणि पुढच्या आठवड्यापासून दर सोमवारी मीच तिला शाळेत सोडायला जाईन." जेनीनं अशी काही आरोळी ठोकली की रस्त्यावरची माणसं थांबली. मडम मात्र नवऱ्याकडं गेली नाही, माझ्याकडं नाही, डिपोटींकडंही नाही. ती सरळ उंबऱ्याशी गेली आणि काकूंना कडकडून मिठी मारली.

"अगं बाई, सोड, सोड," काकू ओरडल्या. "तेलाचे हात आहेत माझे, झगा खराब होईल!" आणि त्याच तेलाच्या हातांनी त्यांनी तिला आणखी घट्ट धरलं.